तापीमायचं पाणी खारं कधी होतं?

दोंडाईचा परिसरात ज्या घरातलं कुणीच सुरतेला नाही, असं घर शोधायला बसलं तर वेळ लागेल. कुणाचा भाऊ उधन्याला लूमवर, कुणाची लेक लिंबायतला दिलेली, कुणाचा दीर डिंडोलीत दुकान टाकून बसलेला. आपल्या स्टेशनातून गाडीत बसलं की नंदुरबार, नवापूर करत माणूस सुरतेला उतरतो. नदीचंही तसंच आहे. मालपूरच्या धरणाकडून येणारी आपली अमरावती पुढे तापीला मिळते आणि तापी सुरतेवरून समुद्रात जाते. आपलं माणूस आणि आपलं पाणी, दोन्ही एकाच गावी पोचतात. पण तिथं पोचल्यावर त्या पाण्याचं काय होतं, ही गोष्ट आपल्या गटाच्या बैठकीत कधी निघत नाही. "उकाईतून पाणी सोडलं" अशी बातमी आली की घाबरून फोन सुरू होतात, तेवढंच. त्या फोनवर नेमकं काय विचारायचं, हे कळावं म्हणून हा लेख.

नदी समुद्राला मिळते तिथं भरतीचं पाणी नदीत उलटं आत शिरतं. नदीच्या अशा टोकाच्या पट्ट्याला कोकणात खाडी म्हणतात. सुरतेत मात्र खाडी हा शब्द शहरातल्या मोठ्या ओढ्या-नाल्यांनाही वापरतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. गोंधळ नको म्हणून या लेखात नदीच्या टोकाला आपण मुख म्हणू.

तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर चालून सुरतेच्या पुढे खंबातच्या आखातात मिळते. जेवढ्या भूभागावरचं पाणी वाहून तिच्यात येतं, तो भाग सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरचा आहे. त्यातला ५१ हजारांहून जास्त आपल्या महाराष्ट्रात आहे. गुजरातचा वाटा चार हजारांच्या आतच. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई, अमरावती, गोमाई, सगळ्या वरच्या अंगाच्या. तापीला सुरतेत जो महापूर येतो, तो बहुतेक सुरतेत पडलेल्या पावसाचा नसतो. तो आपल्याकडे आणि आपल्याही वर, पार अकोला-बुलढाण्याकडे पडलेला असतो.

आखाजीला खारं

आखाजीच्या सुमाराला आपण झोके बांधतो तेव्हा अमरावतीचं पात्र कोरडं असतं. पोरं त्यात क्रिकेट खेळतात. तापीत पाणी दिसतं ते सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा या बॅरेजनी अडवलेलं. ते उभं पाणी आहे, वाहतं नाही. त्याच दिवसांत सुरतेच्या खाली मुखाशी उलटा कारभार चालू असतो. वरून नदीचा रेटा नाही, म्हणून समुद्र आत येतो.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. म्हणजे पंधरा लिटरच्या बादलीत अर्धा किलोपेक्षा थोडं जास्तच. पिण्याच्या चांगल्या पाण्यात क्षार लिटरला अर्धा ग्रॅमही नसावेत. या दोन टोकांच्या मध्ये मुखाचं पाणी वर्षभर हेलकावे खातं. उन्हाळ्यात ते समुद्राच्या जवळ जातं, पावसाळ्यात नदीच्या.

खारं पाणी जड असतं. हे घरी करून बघता येतं. काचेच्या ग्लासात अर्ध्यापर्यंत साधं पाणी घ्या. दुसऱ्या भांड्यात मूठभर मीठ आणि चिमूटभर हळद घालून पाणी ढवळा, आणि ते ग्लासच्या कडेनं हळूच सोडा. पिवळं पाणी तळाशी जाऊन बसेल, साधं वर राहील. नदीच्या मुखातही असंच होऊ पाहतं: वरून गोडं पाणी समुद्राकडे सरकतं आणि तळानं खारं पाणी नदीत घुसतं. पण खंबातच्या आखातात भरतीचा जोर फार. तापीच्या मुखाशी, हजिऱ्याच्या बाजूला, उधाणाच्या दिवशी ओहोटी आणि भरती यांच्या पातळीत पाच मीटरहून जास्त फरक पडतो. तीन पुरुष उंच पाणी सहा तासांत चढतं आणि पुढच्या सहा तासांत उतरतं. एवढी घुसळण झाली की उन्हाळ्यात थर फारसे टिकत नाहीत. ताक घुसळल्यासारखं वरखाली सगळं सारखं खारट होतं.

पूर्वी हे खारं पाणी सुरत शहरातून वर चढायचं. शहराला पिण्याचं पाणी तर तापीचंच. म्हणून सुरतेनं १९९५ साली रांदेर आणि सिंगणपोर यांच्या मध्ये नदीत आडवा बंधारा घातला. त्याच्यावरून रस्ताही जातो. तुमचं माणूस सुरतेत असेल तर त्याला "कॉजवे" विचारा, लगेच सांगेल. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला गोडं पाणी, खालच्या बाजूला भरतीचं. नदी तिथं एका रेषेवर दोन झाली.

सोय झाली, पण फुकट नाही. वरच्या बाजूला पाणी उभं राहतं आणि उन्हाळ्यात त्यावर जलपर्णी पसरते. खालच्या बाजूला वरून वाहत येणारं पाणी कमी झालं, म्हणून भरतीनं आणलेला गाळ परत समुद्रात ढकलायला कुणी उरलं नाही. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यात शहराचं सांडपाणी मिसळलं आणि ते पातळ करायला नदीचं पाणी नसलं, की मासे वर येऊन तोंड उघडतात. मे महिन्यात आपल्या गावतळ्यात हे आपण बघतोच.

गाळ कुठं बसतो

गढूळ पाण्याच्या हंड्यात आपण तुरटी फिरवतो. मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात, तळाशी बसतात. मीठही मातीवर असंच काम करतं. नदीचं गढूळ पाणी जिथं खाऱ्या पाण्याला भेटतं, तिथं चिकणमाती गोळा होऊन खाली बसू लागते. म्हणून नदीच्या मुखाशी चिखलाची मैदानं तयार होतात. त्यात खेकडे असतात, निवट्या असतात, किडे-अळ्या असतात, आणि ते खायला आलेले पक्षी असतात. गाळ म्हटलं की आपल्याला घाण वाटते. मुखाशी तो चारा आहे.

भेटीची ही जागा एका ठिकाणी राहत नाही. उन्हाळ्यात ती नदीत वर सरकते, पावसाळ्यात समुद्राकडे ढकलली जाते. त्याबरोबर गाळ बसायची जागाही सरकते. पूर्वी प्रत्येक पावसाळ्याचा पूर उन्हाळ्यात साचलेला गाळ झाडून काढायचा, दिवाळीच्या आधी आपण घर झाडतो तसा. १९७२ मध्ये उकाईचं धरण पूर्ण झालं, त्यानंतर दरसालचं हे झाडणं कमी झालं. ज्या साली धरण भरत नाही, त्या साली खाली मोठं पाणी जातच नाही. पात्र उथळ होत जातं, काठावर वस्ती पुढे सरकते, आणि मग एखाद्या साली एकदम मोठं पाणी आलं की त्याला जायला जागा नसते.

त्यातही आपल्याकडची काळी माती मुखापर्यंत पूर्वीइतकी पोचत नाही. बरीचशी हतनूरला बसते, थोडी बॅरेजमध्ये, बाकीची बहुतेक उकाईत. हतनूरचं धरण गाळानं किती भरलंय हे भुसावळकडच्या मैत्रिणींना विचारा. शेताच्या बांधावरून माती गेली तर ती ना आपली, ना मुखाशी राहणाऱ्या मासेवाल्या बाईची. ती मधल्या धरणाची जागा खाते. जागा कमी म्हणजे पुढचा पूर पोटात घ्यायची ताकद कमी. बांधबंदिस्तीच्या कामावर जाताना "आपल्या चार सऱ्यांनी काय होणार" असं वाटतं खरं, पण गाळ हा सऱ्या-सऱ्यांनीच साचलेला असतो.

कानबाईच्या दिवसांत गोडं

जूनचा पहिला लोंढा सगळ्यात घाण. आठ महिने नाल्यात साचलेलं सगळं त्यात येतं: उकिरडा, प्लास्टिक, कपाशीवर मारलेल्या औषधाच्या बाटल्या. औषध मातीच्या कणाला चिकटून जातं, म्हणून पाणी निवळलं तरी गाळात राहतं. फवारणीची रिकामी बाटली नाल्यात भिरकावू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी नाल्यात बाटल्या दिसतात. असो.

श्रावणात कानबाई बसते तोवर हतनूरचे ४१ दरवाजे उघड-झाक होऊ लागलेले असतात. मग सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, आणि शेवटी उकाई. उकाईतून भरपूर पाणी सुटलं की मुखाचं रूपच बदलतं. आखाजीला जिथं जिभेला खारट लागायचं, तिथं ओहोटीच्या वेळी जवळजवळ गोडं पाणी वाहतं. रंग निळसर-करडा जाऊन चहासारखा होतो.

मासे-कोळंबीचं जगणं या बदलावर बांधलेलं आहे. गोड्या पाण्यात वाढणाऱ्या मोठ्या कोळंबीची मादी पावसाळ्यात खाली मुखाकडे उतरते, लेक बाळंतपणाला माहेरी जाते तशी. तिची पिल्लं निमखाऱ्या पाण्यातच जगतात. थोडी मोठी झाली की प्रवाहाविरुद्ध वर चढतात. हिलसा मासा याच्या उलट करतो: राहतो समुद्रात, पण पुराच्या पाण्याचा वास लागला की अंडी घालायला नदीत वर येतो. शेजारच्या नर्मदेच्या मुखाशी भरूचला या माशावर कितीतरी कुटुंबांचा पावसाळा निघायचा. वरून गोडं पाणी वेळेवर आलं नाही, किंवा वाटेत बंधारा आडवा आला, तर दोघांचंही चक्र तुटतं. आपल्या बाजारात सुके बोंबील आणि झिंगे घेताना हे आठवा. बोंबील हा गढूळ, भरती-ओहोटीच्या पाण्यातला मासा. नद्यांचा गाळ आणि समुद्राची घुसळण जिथं एकत्र येते, अशा किनाऱ्यांवर तो भरभरून मिळतो.

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते तोवर दरवाजे बंद झालेले असतात. मुखाचं पाणी निवळतं आणि पुन्हा हळूहळू खारं व्हायला लागतं. थंड पाण्यात प्राणवायू चांगला राहतो, म्हणून हिवाळा मुखासाठी निवांत काळ. फार सांगण्यासारखं त्यात काही नाही.

तिथी का बघायची

भरती दिवसातून दोनदा येते आणि दर दिवशी साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. पण रोजची भरती सारखी नसते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमाराला ती सगळ्यात मोठी, तिला उधाण म्हणतात. खरा जोर बहुधा तिथीच्या नंतर एक-दोन दिवसांनी दिसतो. अष्टमीच्या आसपास ती लहान असते, तिला भांग म्हणतात. चंद्र आणि सूर्य दोघांची ओढ एका रेषेत आली की उधाण, काटकोनात आली की भांग. कोकणातल्या कोळणींचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की मुंबईकडच्या भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पावणेचार. खंबातच्या आखातात वर जाल तशी ती उशिरा पोचते, नदीत आत आणखी उशिरा.

आता पुराशी याचा संबंध बघा. मोरीचं पाणी बाहेर जायला बाहेरची गटार खाली असावी लागते. गटारच तुडुंब असेल तर मोरी उलटी येते. सुरतेची नदी म्हणजे मोरी आणि समुद्र म्हणजे गटार, असं समजा. (समुद्राला गटार म्हटल्याबद्दल कोकणातल्या मैत्रिणींनी माफ करावं.) उकाईतून सोडलेलं तेवढंच पाणी भांगाच्या दिवशी निघून जाईल, उधाणाच्या भरतीत तुंबेल.

२००६ च्या ऑगस्टमध्ये हेच घडलं. वरच्या खोऱ्यात मोठा पाऊस झाला. धरण आधीच बरंच भरलेलं होतं, आणि ते आधी रिकामं करायला हवं होतं का, यावर नंतर पुष्कळ वाद झाला. शेवटी उकाईतून सुटलेलं पाणी नऊ लाख क्युसेकच्या घरात गेलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे अठ्ठावीस लिटर, आपले दोन हंडे. म्हणजे दर सेकंदाला अठरा लाख हंडे. ७ ऑगस्टला पाणी शहरात शिरू लागलं, आणि ९ तारखेला राखीपौर्णिमा होती. बाहेर समुद्राला उधाण. शहराचा जवळपास तीन चतुर्थांश भाग पाण्याखाली गेला, वीज गेली, फोन बंद पडले. ज्या दिवशी बहिणीनं भावाला ओवाळायचं, त्या दिवशी भाऊ कुठल्या मजल्यावर आहे हेही इकडे कळत नव्हतं. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना वेगळं सांगायला नको. नव्या सुनांनी घरातल्या मोठ्यांना जरूर विचारावं.

याआधी १९६८ च्या ऑगस्टमध्येही सुरतेत असाच महापूर आला होता. तेव्हा उकाईचं धरण झालेलं नव्हतं. धरणानं बरेच मधले पूर पोटात घेतले, हे मान्य करायला हवं. पण पोट भरलं की तेही सोडणारच.

फोनवर काय विचारायचं

दोन पूर वेगळे आहेत, हे आधी समजून घ्या. एक तापीचा. तो उकाईच्या दरवाजांवर ठरतो, म्हणून त्याची चाहूल आधी लागते. हतनूर आणि प्रकाशाचे दरवाजे मोठ्या प्रमाणात उघडले, ही बातमी आपल्याला सुरतेआधी मिळते. उकाईची पूर्ण पातळी ३४५ फूट. सुरतेच्या बातम्यांत पावसाळाभर हा आकडा फिरत असतो. पातळी त्याच्या जवळ, वरून पाणी येणं चालू आणि तिथी पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, असं तिन्ही जुळलं तर नदीकाठच्या माणसानं वाट बघत बसू नये. रांदेर, अडाजण, कतारगाम, जुनं शहर, ही नदीलगतची वस्ती.

दुसरा पूर खाडीचा, म्हणजे वर सांगितलेल्या ओढ्यांचा. आपली खान्देशी माणसं जास्त राहतात त्या लिंबायत, परवत पाटिया या बाजूला मिठी खाडीसारखे ओढे आहेत. ते तापीत जात नाहीत, दक्षिणेकडच्या मिंढोळा नदीच्या बाजूला वाहतात. त्यामुळे उकाई अर्धी रिकामी असली तरी तिथं गुडघाभर पाणी भरू शकतं. पाऊस तिथला, त्यात खाली समुद्राला भरती, की ओढा तुंबतो. या पुराला दरवाजांची सूचना नसते, काही तासांत येतो. "उकाईतून सोडलं नाही ना, मग काय भीती" असं लिंबायतच्या बहिणीला सांगू नका. तिला विचारा: तुझ्याकडे पाऊस किती तास चालू आहे, ओढ्याचं पाणी पुलाला लागलंय का, आणि आज भरती किती वाजता.

तळमजल्याच्या खोलीत राहणाऱ्यांची कागदपत्रं हा वेगळा विषय. आधार, रेशनकार्ड, पासबुक, गटाचं कर्ज असेल तर त्याचा कागद, हे प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर. प्रत्येकाचा फोटो काढून इकडे गावी एका माणसाच्या मोबाईलवर पाठवून ठेवायला सांगा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला नुकसानभरपाईसाठी तो तिथं राहत होता हे दाखवावं लागतं, म्हणून भाडेपावती किंवा लाइटबिलाचा फोटोही त्यात असू द्या.

राखी दरवर्षी पौर्णिमेलाच असते, म्हणजे दरवर्षी उधाणाच्या दिवसांतच आणि भर पावसाळ्यात. सुरतेला जाणाऱ्या मैत्रिणींनी निघायच्या आदल्या दिवशी प्रकाशाच्या पाण्याची बातमी बघावी. परतीचं तिकीट शक्यतो पौर्णिमेनंतर चौथ्या-पाचव्या दिवसाचं काढावं, तोवर उधाणाचा जोर उतरायला लागलेला असतो.